कायदा ‘रद्द’ झाला म्हणजे नक्की काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला सीबीएसजवळ, कोर्टाच्या बाजूला टायपिंग आणि भाषांतराचं काम करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, इंग्रजी निकालांचं मराठी, जुने खरेदीखतं, जे येईल ते. समोर बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बऱ्याचदा ठरलेलं असतं, “ताई, तो कायदा तर रद्द झाला ना?” आणि मग पुढचा अर्धा तास त्या एका ‘रद्द’वरच जातो, कारण आपल्याकडे ‘रद्द’ हा शब्द म्हणजे चिवड्याची पिशवी झालाय, शेंगदाणे, डाळं, खोबरं, मिरची सगळं एकत्र, आणि खाणाऱ्याला काय आलं ते दाताखाली आल्यावरच कळतं. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, तुमच्या केसचं तुमच्या वकिलांनाच विचारा. मी फक्त शब्दांपुरतं सांगतेय.

‘निरसन’ म्हणजे काय? हा शब्द फक्त शंकेसाठी असतो ना?

शाळेत शंकानिरसन केलंय तेच हे निरसन. शंका दूर करतात तसा कायदाही दूर करतात. विधिमंडळाने किंवा संसदेने स्वतःच केलेला कायदा स्वतःच दुसरा कायदा करून संपवला की त्याला मराठीत निरसन म्हणतात आणि संपलेला कायदा निरसित. इथे ‘दुसरा कायदा करून’ हे महत्त्वाचं आहे, नुसतं भाषण करून, पत्रकार परिषद घेऊन किंवा फाईलवर शेरा मारून कायदा मरत नाही. जन्माला यायला विधेयक लागतं तसं मरायलाही विधेयकच लागतं.

बोलताना कोणी निरसन म्हणत नाही हे मला माहितीये, पण कागदावर लिहिताना हाच शब्द वापरा, कारण ‘रद्द’ लिहिलं की समोरचा विचारतो कोणी केला, कोर्टाने का सरकारने.

पुस्तकात शेवटच्या पानावर ‘निरसन व व्यावृत्ती’ असं कलम असतं. त्यातली व्यावृत्ती कोण?

हा सगळ्यात दुर्लक्षित शब्द आणि सगळ्यात कामाचा. व्यावृत्ती म्हणजे काय काय वाचवलं त्याची यादी. घर पाडताना आपण देवघर, खिडक्या, सागवानी खांब आधी काढून बाजूला ठेवतो ना तसं जुना कायदा पाडताना त्याच्याखाली झालेले आदेश, दिलेली परवानगी, चालू असलेले खटले, भरलेला दंड हे बाजूला काढून जपतात. नुसतं निरसन केलं आणि काहीच वाचवलं नाही तर काल दिलेलं लायसन्स आज हवेत लटकेल.

आपल्या गावातलं उदाहरण म्हणजे जुन्या वाड्यांमधले भाडेकरू. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता, त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. नव्या कायद्यातच जुन्याचं निरसन आहे आणि त्याच कलमात व्यावृत्तीसुद्धा आहे, त्यामुळे जुन्या कायद्याखाली दाखल झालेले दावे त्या दिवशी विझले नाहीत, ते चालूच राहिले. आणि एखाद्या कायद्यात व्यावृत्ती लिहायची राहिलीच तरी १८९७ चा केंद्राचा जनरल क्लॉजेस अॅक्ट आहे, त्याचं कलम ६ म्हणतं की निरसनामुळे आधी मिळालेले हक्क, आधी अंगावर आलेल्या जबाबदाऱ्या, आधी केलेल्या गुन्ह्याची शिक्षा यातलं काही आपोआप पुसलं जात नाही, वेगळा हेतू दिसत असला तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या कायद्यांसाठी असाच १९०४ चा राज्याचा कायदा आहे.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की कायदा गेला असं कळलं की आधी शेवटचं पान वाचा, पहिलं नाही.

मग ‘मागे घेतला’ आणि ‘निरसन केलं’ एकच ना?

नाही. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तीन कृषी कायद्यांचंच आहे, कारण त्यात तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या तारखांना आले आणि पेपरांनी तिन्ही वेळा थोड्याफार फरकाने ‘रद्द’च छापलं.

सप्टेंबर २०२० मध्ये कायदे झाले. १२ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणी थांबवली, ती स्थगिती. कायदे जिवंत, फक्त हात बांधलेले. मग १९ नोव्हेंबर २०२१ ला गुरु नानक जयंतीच्या दिवशी सकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की कायदे मागे घेतोय, ती घोषणा होती, त्या दिवशी संध्याकाळी कायदे पुस्तकात जसेच्या तसे होते. आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं, ३० नोव्हेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, ते निरसन. निफाडकडचे एक काका १९ तारखेलाच पेढे घेऊन आले होते, मी म्हटलं काका पेढे ठेवा पण अजून दहा दिवस थांबा, तर म्हणाले “बाई, तू लई कायदा शिकवते.”

यात अजून एक बारीक गंमत आहे जी मला फार आवडते. तिसरा कायदा म्हणजे जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती, आपल्या कांद्याशी थेट संबंध असलेली, साठ्यावर मर्यादा कधी घालता येईल ते सांगणारी. ती दुरुस्ती करणारा २०२० चा कायदा निरसित केला तरी १९५५ च्या मूळ कायद्यात जे पोटकलम एकदा जाऊन बसलं ते आपोआप उठत नाही! पाहुण्याला घेऊन येणारी रिक्षा परत पाठवली म्हणून पाहुणा जातो का, तो सोफ्यावर बसलेलाच असतो. म्हणून निरसनाच्या कायद्यात वेगळं लिहावं लागलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ३ मधलं पोटकलम (१क) वगळण्यात येत आहे. निरसन कायद्याचं, वगळणं कलमाचं. दोन्ही क्रियापदं एकाच छोट्याशा कायद्यात शेजारी शेजारी बसलीयेत.

‘मागे घेणं’ बरोबर कुठे बसतं? आदेश मागे घेतात, परिपत्रक मागे घेतात, विधेयक मागे घेतात (अजून मंजूर व्हायचं असतं तेव्हा), गुन्हे मागे घेतात. एकदा कायदा झाला की तो मागे घेत नाहीत, त्याचं निरसन करतात. बोलण्यात चालतं, अर्जात नको.

हायकोर्टाने/सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द केला असं लिहिलं तर चूक का?

चूक असं नाही पण ढोबळ आहे. कोर्ट कायद्याचं निरसन करत नाही, तो अधिकार विधिमंडळाचा. कोर्ट म्हणतं हा कायदा घटनेला धरून नाही, म्हणजे घटनाबाह्य ठरवतं, किंवा अवैध ठरवतं. जुन्या मराठीत यासाठी झकास शब्द आहे, रद्दबातल. त्यातला ‘बातल’ हा अरबी ‘बातिल’, खोटा, फोल. मला विचाराल तर कोर्टाच्या निकालासाठी रद्दबातल, सभागृहासाठी निरसन, अशी वाटणी केली तर निम्मा गोंधळ मिटेल.

फरक पडतो कुठे ते बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. ही भानगड आपल्याच राज्यातून सुरू झालेली, पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली होती. निकाल लागला, पण कलम पुस्तकातून कोणी खोडलं नाही, कारण खोडणं हे कोर्टाचं काम नाही, छापील प्रतीत ते तसंच राहिलं, फार तर खाली बारीक तळटीप. परिणाम असा झाला की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच आश्चर्य वाटलं की सहा वर्षांनंतरही या मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होतायत, मग केंद्राने राज्यांना पत्र लिहून सांगितलं की बाबांनो लावू नका. म्हणजे रद्दबातल ठरलेलं कलम दिसायला जिवंतच दिसतं, हे लक्षात ठेवा आणि ऑनलाईन कुठल्यातरी साईटवर कायदा वाचत असाल तर तळटीप वाचल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका.

कोर्टाने स्थगिती दिली म्हणजे अर्धा रद्द का?

अर्धा नाही, पाव पण नाही. थांबवलाय. गाडी सिग्नलला उभी आहे, भंगारात दिलेली नाही. मराठा आरक्षणाच्या २०१८ च्या कायद्याच्या वेळी हे सगळ्यांनी अनुभवलं, ९ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाची अंतरिम स्थगिती आली आणि त्याच दिवशी लोक आरक्षण गेलं म्हणायला लागले, पण कायदा घटनाबाह्य ठरला तो ५ मे २०२१ ला. मधल्या आठ महिन्यांना ‘रद्द’ म्हणता येत नाही.

आमच्याकडे कोर्टात कोणी स्थगिती म्हणत नाही, ‘स्टे आणला’ म्हणतात, आणि तो आणल्याचा आनंद असा असतो की जणू केसच जिंकली.

यूएलसी कायदा तर कधीच गेला. मग माझ्या सातबाऱ्यावर अजून त्याचा शेरा कसा?

हा प्रश्न नाशिकमध्ये इतक्या लोकांनी विचारलाय की यावर जरा निवांत लिहिते.

१९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याला सगळे यूएलसीच म्हणतात, तो ज्या शहरांना लागू होता त्यात नाशिक पण होतं. मर्यादेपेक्षा जास्तीची मोकळी जागा सरकारकडे जायची, किंवा कलम २० खाली अटी घालून सूट मिळायची. संसदेने याचं निरसन १९९९ मध्येच केलं. पण आपल्याकडे तो संपला २९ नोव्हेंबर २००७ ला. मधली आठ वर्षं काय झालं? तर जमीन हा विषय राज्यांचा, मूळ कायदा काही राज्यांनी ठराव करून संसदेला ‘तुम्हीच करा’ सांगितलं म्हणून झालेला, घटनेचा अनुच्छेद २५२. अशा कायद्याचं निरसनसुद्धा राज्याने ठराव करून स्वीकारावं लागतं, दिल्लीत झालं म्हणून आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्राने तो ठराव २००७ मध्ये केला. तोपर्यंत एकच कायदा काही राज्यांत मेलेला आणि आपल्याकडे ठणठणीत.

आता शेऱ्याचं. निरसनाच्या कायद्यात व्यावृत्ती आहेच. जी जमीन सरकारने आधीच ताब्यात घेतली ती सरकारचीच राहिली. कलम २० खाली दिलेल्या सुटीचे आदेशही वाचवले गेले, म्हणजे त्यातल्या अटीही. आणि जिथे नुसतीच प्रकरणं चालू होती, ताबा घेतला गेला नव्हता, ती संपली. त्यामुळे तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात यूएलसीचा शेरा दिसत असेल तर ‘कायदा रद्द झालाय, शेरा काढा’ एवढं म्हणून भागत नाही, विचारावं लागतं की ताबा घेतला होता का, कधी, कब्जेपावती आहे का, का सूट होती, कुठल्या अटीवर. पाथर्डी फाट्याकडचा एक मुलगा असाच आला, वडिलांच्या नावावरचा प्लॉट, फ्लॅट स्कीम करायची, बिल्डर म्हणतो शेरा काढून आणा. त्याने एका ओळीचा अर्ज लिहून आणला होता, “सदर कायदा रद्द झाल्याने नोंद कमी करणेत यावी.” अर्ज परत आला. आम्ही तोच अर्ज पुन्हा केला, त्यात फेरफार नंबर, जुन्या आदेशाची तारीख, ताबा न घेतल्याबद्दल काय कागद आहेत ते, आणि निरसन अधिनियमाचं नाव लिहिलं. ‘रद्द’ शब्द एकदाही नव्हता त्यात. पुढे त्याचं काय झालं तो सांगायला आला नाही, लोक काम झालं की येत नाहीत, नाही झालं की मात्र येतात, तेव्हा झालं असावं.

सरकारने जीआर रद्द केला म्हणजे कायदा रद्द झाला ना?

नाही नाही नाही. जीआर म्हणजे शासन निर्णय, सरकारने स्वतःच्या अधिकारात काढलेला कागद. त्याला सभागृह लागत नाही आणि म्हणून तो जातोही पटकन. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा वाद आठवा, १६ एप्रिल २०२५ चा एक जीआर, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही रद्द करत असल्याचं जाहीर केलं. अडीच महिन्यांत सगळं. कायदा असता तर अधिवेशन, विधेयक, सही हे सगळं लागलं असतं.

जीआरच्या भाषेत अजून एक शब्द सापडतो, अधिक्रमित. “संदर्भाधीन क्र. २ येथील शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे.” म्हणजे जुना बाजूला सारून त्याच्या जागेवर हा नवा बसला. नुसतं रद्द केलं तर जागा रिकामी राहते, अधिक्रमित केलं तर खुर्ची लगेच भरते. याला अतिक्रमित वाचणारे लोक मी पाहिलेत, एका अर्जात तर “शासन निर्णय अतिक्रमण करून” असं टाईप होऊन गेलं होतं, माझ्याच हातून, संध्याकाळी साडेसहाला, काय सांगू.

महासभेचा ठराव ‘विखंडित’ केला म्हणजे?

महापालिकेच्या बातम्यांत येतो हा शब्द. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार पालिकेचा ठराव आधी निलंबित करू शकतं आणि नंतर विखंडित, म्हणजे मोडून टाकू शकतं. वरच्याने खालच्याचं मोडलं की विखंडन. कायद्याला हा शब्द लागत नाही.

‘व्यपगत’ हा काय प्रकार आहे? कोणी मारलं नाही तरी कायदा मरतो?

हो, मुदत संपून. दूध नासतं तसं. कोणी सांडत नाही, तारीख गेली की गेलं. काही कायदे जन्मतःच मुदत घेऊन येतात आणि ती वाढवली नाही की व्यपगत होतात. दहशतवादाविरुद्धचा टाडा कायदा असाच होता, मे १९९५ मध्ये मुदत संपली आणि वाढवली नाही. त्याच्या जागी पुढे आलेला पोटा मात्र २००४ मध्ये निरसन करून संपवला. दोन्ही गेले, पण एक म्हातारपणाने आणि एक ठरवून.

आणि गेला म्हणजे सुटला असं नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटाचा खटला टाडा कोर्टातच चालला आणि निकाल यायला २००६ चा सप्टेंबर उजाडला, म्हणजे कायद्याची मुदत संपून अकरा वर्षं झाल्यावर, कारण आधी सुरू झालेले खटले चालू राहतील अशी सोय त्या कायद्यातच होती.

अध्यादेशाचंही असंच. अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात, जुने लोक वटहुकूम म्हणतात, आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा नाही झाला तर तो व्यपगत. म्हणून अध्यादेशाचा कायदा करताना शेवटच्या कलमात त्या अध्यादेशाचंच निरसन लिहिलेलं असतं, पोराने बापाची जागा घेतल्यासारखं. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात पडून असलेली विधेयकंही व्यपगत होतात.

‘खालसा’ हा शब्द अजून वापरतात का?

कायद्यासाठी नाही, पण हक्कांसाठी वापरतात आणि जुन्या जमिनींच्या कागदात रोज भेटतो. संस्थानं खालसा झाली, वतनं (गावच्या कामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी आणि हक्क) खालसा झाली. खालसा म्हणजे मधला माणूस काढून थेट सरकारच्या अखत्यारीत घेणं. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासारखी कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने. इथे निरसन म्हणत नाहीत कारण कायदा नाही, वतन संपवलंय, त्यासाठी एक नवा कायदा *केलाय*. हा उलटा प्रकार आहे.

आणि खालसा झाल्यावरही शेपूट राहतंच, त्या जमिनी परत दिल्या त्या नवीन शर्तीवर, भोगवटादार वर्ग २, विकायला परवानगी लागते. सातबाऱ्यावर ‘वतन’ वाचून नातू विचारतो वतन तर आजोबांच्या काळातच गेलं ना. गेलं, शर्त नाही गेली.

याच घरातला एक शब्द माणसांना लागलाय, ‘विमुक्त’. इंग्रजांचा १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा, जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा, तो देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि त्यातून सुटलेल्या जमाती विमुक्त झाल्या. अजून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतात. बाकी कुठल्या कायद्याच्या निरसनाची तारीख लोक सणासारखी पाळतात मला तरी आठवत नाही.

बंदी ‘उठते’, ‘रद्द’ का होत नाही?

भाषेची खोड आहे. जे खाली दाबून ठेवलेलं असतं ते उठतं: बंदी, निर्बंध, जमावबंदी, टाळेबंदी, आणीबाणी. लासलगावला कोणाला विचारा, निर्यातबंदी कधी रद्द झाली असं कोणी म्हणणार नाही, “बंदी कधी उठली” म्हणेल आणि तारखेसकट सांगेल. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी लागली, ४ मे २०२४ ला उठली, पण उठताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. म्हणजे ‘उठली’ म्हणजे एका झटक्यात उठली असं नाही, कंबर दुखणाऱ्या माणसासारखी भिंतीला धरून धरून उठली. ही सगळी अधिसूचनांची कामं, यात कायद्याचं निरसन कुठेच नाही, म्हणून तर लावायला एक रात्र पुरते.

फळं-भाजीपाल्याचं २०१६ ला झालं त्याला ‘नियमनमुक्ती’ म्हणाले. बाजार समिती कायदा होता तिथेच राहिला, माल त्यातून बाहेर काढला.

कलम ३७० रद्द झालं, हटवलं, का निष्प्रभ झालं?

आधी एक, घटनेत कलम नसतं, अनुच्छेद असतो, बोलताना सोडून द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये जे झालं त्यात अनुच्छेद ३७० घटनेच्या पुस्तकातून काढलेला नाही, त्याच्यातल्या जुन्या तरतुदी लागू राहणार नाहीत असं राष्ट्रपतींच्या आदेशाने झालं, आकडा अजून तिथे आहे. म्हणून ‘निष्प्रभ’ हा शब्द त्यातल्या त्यात नेमका. सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०२३ ला ते वैध ठरवलं.

तुकडेबंदी कायदा रद्द झाला म्हणतात, एक गुंठा घेऊ का?

जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, अजून आहे. २०२५ मध्ये झालं ते शिथिल करणं, आणि तेही सरसकट सगळीकडे नाही. ‘तुकडेबंदी रद्द’ असं मोठ्या अक्षरात फिरलेला मेसेज घेऊन पैसे देऊन बसू नका, शिथिल हा शब्द ऐकला की लगेच विचारायचं कोणासाठी, कुठल्या हद्दीत, कुठल्या तारखेपर्यंतचे व्यवहार.

कायदा रद्द करणारा कायदाच रद्द केला तर पहिला जिवंत होतो का?

होत नाही. वजा वजा अधिक हे गणितात. निरसन करणाऱ्या कायद्याचं निरसन झालं तरी मेलेला उठून बसत नाही, तसं हवं असेल तर स्पष्ट लिहावं लागतं. सरकार दर थोड्या वर्षांनी जुने निकामी झालेले कायदे एकगठ्ठा काढतं, २०१४ नंतर केंद्राने दीड हजाराहून जास्त काढले, त्यात नुसते दुरुस्ती करणारे कायदेही ढिगाने होते. ते काढले म्हणून त्यांनी केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जात नाहीत, वर सांगितलेला रिक्षावाला आणि पाहुणा.

मेलेला वाटणारा कायदा उठून बसतो असा एक प्रकार मात्र खरंच आहे. घटना येण्याआधीचा एखादा कायदा मूलभूत हक्कांच्या आड आला तर तो मरत नाही, झाकला जातो, आणि पुढे घटनादुरुस्तीने अडथळा गेला की परत उजेडात येतो. सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये भिकाजी नारायण धाकरस खटल्यात हे सांगितलं आणि याला म्हणतातच ग्रहणाचा सिद्धांत. ग्रहण सुटलं की रामकुंडावर आंघोळीला गर्दी होते तेवढं फक्त इथे होत नाही.

कोणी वापरतच नाही असा कायदा आपोआप संपतो का?

सहसा नाही. नुसतं धूळ खात पडलाय एवढ्याने नाही, फार काळ न वापरणं आणि त्याच्या बरोब्बर उलट वहिवाट चालू असणं दोन्ही दाखवावं लागतं. १९९५ मध्ये पुणे महापालिकेच्या जकातीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे मानलं होतं. पण यावर भरवसा ठेवून काही करू नका.

जकातीवरून आठवलं, नाशिकला २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटीत सगळंच गेलं. तरी मधल्या वर्षांचं असेसमेंट राहतंच. दुकानदार नोटीस नाचवत येतो, “कर बंद झाला ना हो?” कर बंद झाला, त्या वर्षांचा हिशोब नाही.

‘निरस्त’ म्हणायचं का?

ते हिंदी. टीव्हीमुळे आलंय. ‘समाप्त केला’, ‘वापस घेतला’ हे पण तिकडचेच. आपल्याकडे निरसित, संपुष्टात, मागे. आणि ‘बरखास्त’ कायद्याला लावू नका, बरखास्त होतं ते मंडळ किंवा सभा. ‘फेटाळला’ हा अर्जाचा किंवा विधेयकाचा शब्द, जे अजून झालंच नाही ते फेटाळतात.

भारतीय दंड संहिता रद्द झाली, मग जुनी पुस्तकं रद्दीत द्यायची का?

शब्दाच्या बाबतीत बरोबर आहात, रद्द आणि रद्दी एकाच अरबी घरातले आहेत. पण देऊ नका. १८६० ची संहिता १ जुलै २०२४ पासून गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि नव्या संहितेचं अगदी शेवटचं कलम ३५८ काय आहे ओळखा? निरसन आणि व्यावृत्ती. गुन्हा ३० जून २०२४ च्या रात्री अकराला घडला असेल तर तो जुन्याच संहितेखाली, तक्रार कधीही द्या. तारीख गुन्ह्याची बघायची. आमच्याकडे अजून अशी प्रकरणं रोज टाईप होतात, एफआयआरवर ४२० आणि शेजारच्या टेबलावर तशाच फसवणुकीला ३१८.

माझी जुनी प्रत मुखपृष्ठ गेलेली, चहाचा गोल डाग ३०२ वर बरोबर, नवीन पुस्तक आणलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले टाका ते आता. टाकलं नाही. परवाच त्यांनीच मागितलं.